पुन्हा उमेदवारी

घरातील मुलगी डॉक्टर झाली, एम.बी.बी.एस.ची पदवी हाती आली, रुग्णालयातील वर्षभराची सक्तीची उमेदवारीही पुरी झाली; आता पुढे काय, असे विचारणारे एक पत्र आमच्याकडे आले आहे. पत्र मुलीच्या काकांनी लिहिले आहे, आणि ते साऱ्या एकत्र कुटुंबाच्या वतीने लिहिले आहे हे त्याच्या ओळीओळीतून दिसते. आजींना नात दृष्टीसमोर असावी असे वाटते. वडिलांची इच्छा अशी की, तिने विलायतेस किंवा अमेरिकेस जाऊन मोठी पदवी घेऊन यावे. आईला तिच्या विवाहाची चिंता आहे. आणि ज्यांच्या हाती घरच्या जमाखर्चाची वही आहे ते काका विचारतात की, सामायिक मिळकतीपैकी काही भाग विकून मुलीस परदेशी उच्च शिक्षणासाठी पाठवणे शहाणपणाचे होईल काय? मुलीला स्वतःला काय वाटते, हे मात्र चार पानांच्या पत्रात कोठेच नाही. ते त्यांनी तिला आधी विचारावे, इतके सांगून आम्ही मुख्य मुद्द्याकडे वळतो.

आमच्या मते या पत्रातील ‘उच्च शिक्षण’ या एका शब्दाने सारा घोटाळा केला आहे. शेजारचा किंवा नात्यातला एखादा मुलगा स्थापत्याच्या किंवा संगणकाच्या शिक्षणासाठी अमेरिकेस जातो. तेथील विद्यापीठाचे शुल्क भरतो, दोन वर्षे वर्गात बसतो, पदवी घेतो आणि मग नोकरीच्या शोधास लागतो. डॉक्टरचे पदव्युत्तर शिक्षण याच साच्याचे असेल अशी घरातल्यांची समजूत असते. वस्तुतः ते अगदी निराळे आहे. ब्रिटनमध्ये काय किंवा अमेरिकेत काय, वैद्यकातील पदव्युत्तर शिक्षण म्हणजे रुग्णालयातील पगारी नोकरी होय. ती मिळण्यापूर्वी त्या देशाची सनद मिळवावी लागते, निदान सनदेच्या परीक्षा तरी उतराव्या लागतात; आणि ती नोकरी देणे न देणे सर्वस्वी त्या देशाच्या गरजेवर अवलंबून असते. तेथे शुल्क भरून जागा मिळत नाही. म्हणजे मिळकत विकून जे विकत घ्यावयाचे, ते मुळी विक्रीस ठेवलेलेच नाही. जुन्या मराठीत या स्थितीला एक चांगला शब्द होता, तो म्हणजे उमेदवारी. येथे एकदा ती करून डॉक्टर झालेल्या मुलीला तेथे जाऊन ती पुन्हा आरंभापासून करावयाची आहे.

आपल्या घरांतून जे जुने चित्र वावरत आले आहे, ते एका काळी खरेही होते. त्या वेळी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून उत्तीर्ण झालेला हुशार तरुण आगबोटीने विलायतेस जाई, लंडनला किंवा एडिंबरोला राहून रॉयल कॉलेजची परीक्षा देई, आणि वर्षा-दोन वर्षांनी नावापुढे एफ.आर.सी.एस. ही अक्षरे घेऊन परत येई. गोमंतकातील शिरोड्याचे डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांचा मार्ग असाच होता. १९२७ मध्ये मुंबई विद्यापीठाची एम.डी., १९३१ मध्ये इंग्लंडची एफ.आर.सी.एस., आणि त्यानंतर पुन्हा मुंबईत जे. जे. रुग्णालयात स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्राचे अध्यापन. जाणे, शिकणे आणि येणे या तीन गोष्टी तेव्हा एकाच प्रवासाचे तीन टप्पे होते.

त्याच काळातील आणखी एक घटना येथे नमूद करण्याजोगी आहे. डॉ. शिरोडकर इंग्लंडमध्ये ती परीक्षा उतरले त्याच्या आदल्याच वर्षी, म्हणजे १९३० मध्ये, ब्रिटनच्या जनरल मेडिकल कौन्सिलने हिंदी विद्यापीठांच्या वैद्यकीय पदव्यांची मान्यता काढून घेतली होती. कारण काय, तर येथील महाविद्यालयांत प्रसूतिशास्त्राचे प्रत्यक्ष शिक्षण अपुरे आहे! त्या वादातून १९३३ चा इंडियन मेडिकल कौन्सिलचा कायदा झाला, आणि १९३६ मध्ये पदव्यांना पुन्हा मान्यता मिळाली. पुढे १९५५ मध्ये, गर्भाशयाचे मुख अकाली उघडून होणारे गर्भपात टाळण्यासाठी तेथे टाका घालण्याची जी शस्त्रक्रिया डॉ. शिरोडकरांनी प्रसिद्ध केली, ती जगभरच्या प्रसूतिगृहांत ‘शिरोडकर टाका’ म्हणून आजही ओळखली जाते. विलायतेतील प्रसूतिगृहे त्याला अपवाद नाहीत.

मान्यतेचा हा लपंडाव तेथेच थांबला नाही, आणि तो समजून घेतल्यावाचून आजचा मार्ग कळावयाचा नाही. ५ जुलै १९४८ रोजी ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली. तिला डॉक्टर कमी पडले तेव्हा हिंदुस्थान, पाकिस्तान व सिलोन येथून हजारो तरुण तेथे गेले. त्यांना बहुधा कोणते काम मिळे? वृद्धांची शुश्रूषा, मनोरुग्णांची इस्पितळे, वेल्समधील खाणकामगारांच्या दऱ्याखोऱ्यांतील दवाखाने; ज्या जागांकडे तेथील गोरे पदवीधर फिरकत नसत, त्या. हृदयरोगतज्ज्ञ व्हावयास गेलेले कितीतरी जण वार्धक्यरोगतज्ज्ञ झाले, आणि त्यांनी ती शाखाच तेथे उभी केली. पुढे १९७५ मध्ये भारतीय पदव्यांची आपोआप मिळणारी मान्यता पुन्हा गेली व परीक्षा आली. २००६ मध्ये तर परदेशी डॉक्टरांना कामाच्या परवान्याविना प्रशिक्षण घेण्याची जी सोय होती, ती तेथील सरकारने एकाएकी बंद केली. येथून परीक्षा देऊन, कर्ज काढून गेलेले तरुण तेथे अडकून पडले. भारतीय वंशाच्या डॉक्टरांची बापिओ ही संघटना त्याविरुद्ध न्यायालयात गेली, आणि २००८ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने त्यांपैकी एका वर्गाच्या बाबतीत तिच्या बाजूने निकाल दिला. पण ज्यांची दोन वर्षे त्यात गेली त्यांची ती गेलीच. २०१९ मध्ये वारा फिरला व सर्व डॉक्टर तुटवड्याच्या यादीत आले. २०२५ च्या जुलैत ब्रिटिश सरकारने दहा वर्षांची जी आरोग्ययोजना प्रसिद्ध केली, तीत प्रशिक्षणाच्या जागांसाठी तेथील महाविद्यालयांचे पदवीधर आणि तेथील सेवेत पुष्कळ काळ राहिलेले डॉक्टर यांना अग्रक्रम देण्याचे जाहीर झाले. दार कधी उघडे तर कधी अर्धवट लोटलेले. कडी मात्र सदैव आतून.

असे असता आपली मुले जातात का, असे आजी विचारतील, आणि त्यांचा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर येथल्या परिस्थितीत आहे. पदव्युत्तर प्रवेशाच्या अखिल भारतीय परीक्षेस अलीकडे दर वर्षी दोन लाखांहून अधिक डॉक्टर बसतात. ज्या शाखा त्यांना हव्या असतात, त्यांतील सरकारी जागा थोड्या, आणि खासगी संस्थांतील शुल्क असे की पगारदार कुटुंबाने ते केवळ ऐकावे. एक, दोन, क्वचित तीन वर्षे मुले एका खोलीत बसून तीच पुस्तके पाठ करतात आणि रुग्णाचा हात हातात घेण्याची सवय विसरतात. अशा मुलीने ‘तीच मेहनत मी दुसऱ्या परीक्षेसाठी का करू नये?’ असे म्हटले, तर तिला परदेशाचे वेड लागले असे कोणी समजू नये.

आता प्रत्यक्ष मार्ग पाहू. ब्रिटनचा आधी घेतो, कारण पत्रात त्याचीच चौकशी अधिक आहे. प्रथम इंग्रजीची परीक्षा. जन्मभर इंग्रजीत शिकलेल्या मुलीला ती कशाला, असे वाटते. परंतु ऐकणे, वाचणे, लिहिणे व बोलणे या चारही अंगांत ठरलेले गुण एकाच बैठकीत पडावे लागतात, आणि लिहिण्यात अर्धा गुण कमी पडून पुन्हा बसणारे पुष्कळ असतात. त्यानंतर ‘प्लॅब’ या नावाच्या परीक्षेचे दोन भाग. पहिला भाग लेखी असून तीन तासांत १८० प्रश्न सोडवावयाचे असतात. तो आपल्या देशातील केंद्रांवरही देता येतो. आपल्या मुलांना त्याची धास्ती नसते. प्रश्नपत्रिका हे आपले घरचेच अंगण आहे.

दुसरा भाग मँचेस्टर येथेच जाऊन द्यावा लागतो, आणि त्यासंबंधी थोडे विस्ताराने लिहिणे आम्हास अवश्य वाटते. येथे उमेदवार एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जातो. प्रत्येक खोलीत आठ मिनिटे. आत रुग्णाची भूमिका करणारा नट बसलेला असतो. कोठे नाडी पाहावयाची असते, कोठे सुई टोचून दाखवावयाची असते. पण पुष्कळ खोल्यांत केवळ बोलावयाचे असते. नवरा शस्त्रक्रियेत दगावला हे त्याच्या पत्नीस सांगा. धूम्रपान न सोडणाऱ्या गृहस्थाशी बोला. उपदेश करू नका. औषध चुकीचे दिले गेले, ते रुग्णाजवळ कबूल करा व क्षमा मागा. आपल्याकडील सुवर्णपदक मिळवणारी मुले या खोल्यांत अडखळतात. त्यांना रोग कळतो, औषध कळते. परंतु ‘तुम्हाला स्वतःला याबद्दल काय वाटते? तुम्हाला कसली भीती वाटते?’ असे रुग्णाला विचारावे लागते, हे त्यांना कोणी शिकवलेले नसते. आपल्या सरकारी इस्पितळात सकाळच्या बाह्यरुग्ण विभागात शंभर माणसे रांगेत उभी असता ते विचारावयास सवड तरी कोठून असणार?

यात एक गोष्ट तर थेट आपल्या घरांशी येऊन भिडते. आपल्याकडे आजोबांना कर्करोग झाला की ते आजोबांखेरीज साऱ्या वाड्याला ठाऊक असते. डॉक्टर थोरल्या मुलाला बाजूस घेतो, मुलगा धाकट्यांना सांगतो, सुना देवघरात डोळे पुसतात, आणि आजोबांना ‘थोडी सूज आहे’ असे सांगितले जाते. यामागे प्रेम असते, हे कोण नाकारील? पण तेथे असे केले तर तो डॉक्टरचा गंभीर दोष ठरतो. शुद्धीवर असलेल्या, समज शाबूत असलेल्या प्रौढ माणसाचा रोग ही त्याची स्वतःची गोष्ट. त्याच्या संमतीवाचून ती पत्नीलाही सांगावयाची नाही, मुलाला तर नाहीच. उलट, त्याला ठाऊक करून घ्यावयाचे असेल तर ते त्याच्यापासून लपवावयाचे नाही. एकत्र कुटुंबात वाढलेल्या मुलीला हे पुस्तकातून पाठ करता येते. पण नटासमोर बसल्यावर तोंडातून आपसूक निघते ते ‘तुमच्याबरोबर घरचे कोणी आले आहे का?’ हेच. आमचे मत विचाराल तर, आजोबांचा अधिकार मानणारी तेथील रीत आपणही थोडी उचलावी, आणि आजोबांजवळ रात्रभर बसून राहण्याची आपली रीत तेथील लोकांनी. पण हे विषयांतर झाले.

या परीक्षा उतरल्या म्हणजे जनरल मेडिकल कौन्सिलच्या नोंदवहीत नाव चढते. दोन्ही भागांचे शुल्कच बाराशे पौंडांहून अधिक होते. त्यात मँचेस्टरचा प्रवास, तेथला मुक्काम आणि शिकवणीवर्ग मिळवावे. येथवरचा खर्च घराने उचलावयाचा. पण नोंदवहीत नाव चढणे म्हणजे नोकरी नव्हे, आणि नोकरी म्हणजे प्रशिक्षण नव्हे, हे दोन भेद घरातल्या सर्वांनी समजून घ्यावेत. २०२३ मध्ये त्या नोंदवहीत नव्याने दाखल झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक डॉक्टर ब्रिटनबाहेर शिकलेले होते. हे सारे एकाच वेळी अर्ज करू लागल्यावर एकेका साध्या जागेमागे शेकड्यांनी अर्ज येतात. ज्याने तेथील सेवेत एक दिवसही काम केलेले नाही त्याला पहिली जागा मिळणे सर्वांत कठीण. म्हणून काही जण महिना-दोन महिने बिनपगारी, केवळ पाहणारे म्हणून रुग्णालयात उभे राहतात.

पहिली नोकरी मिळाली तरी ती बहुधा सेवेची असते: रात्रपाळ्या, वॉर्डाची कामे, पगार वेळेवर, परंतु तज्ज्ञ होण्याच्या शिडीवरील ती पायरी नव्हे. प्रशिक्षणाच्या जागांसाठी देशव्यापी स्पर्धा असते, आणि २०२५ मध्ये सुमारे दहा हजार जागांसाठी तीस हजारांहून अधिक डॉक्टर झगडत असल्याचे तेथील डॉक्टरांच्या संघटनेने मांडले होते. जागा मिळाली म्हणजे कुटुंबवैद्यासाठी तीन वर्षे. अंतर्गत रोगांच्या तज्ज्ञासाठी आधी तीन आणि मग शाखेनुसार आणखी चार-पाच. मधल्या काळात एम.आर.सी.पी.चे तीन भाग द्यावयाचे. येथे एक गैरसमज दूर करणे जरूर आहे. एम.आर.सी.पी. झाली की मुलगी तज्ज्ञ झाली, असे आपल्याकडे लग्नपत्रिकेवरून समजले जाते. तेथे ती वाटेवरची परीक्षा आहे. प्रशिक्षण पुरे झाल्याचा दाखला मिळून तज्ज्ञांच्या नोंदवहीत नाव गेल्यावाचून मुख्य डॉक्टरची कायम जागा मिळत नाही. जे सेवेच्या जागांवरच राहतात, त्यांना आपल्या कामाचे पुरावे गोळा करून त्याच नोंदवहीत जाण्याचा दुसरा मार्ग आहे. तोही वर्षानुवर्षांचा, आणि त्याला कागदपत्रांचे गठ्ठे लागतात. शस्त्रवैद्य झालेल्यांच्या घरच्यांसाठी आणखी एक सूचना: तेथील जुन्या प्रघाताप्रमाणे शस्त्रवैद्य रॉयल कॉलेजची परीक्षा उतरला की ‘डॉक्टर’ हे उपपद सोडून ‘मिस्टर’ किंवा ‘मिस’ होतो. पूर्वी शस्त्रक्रिया करणारे न्हाव्यांच्या मंडळीतले असत, पदवीधर वैद्य नसत, त्याची ही आठवण. तेव्हा पत्रावर ‘डॉक्टर’ नाही म्हणून आजींनी घाबरू नये.

अमेरिकेचा मार्ग थोडक्यात सांगतो. तेथे परीक्षेचे तीन टप्पे आहेत. पहिले दोन येथे राहून देता येतात, आणि एकेकाचे शुल्क हजार डॉलरांहून अधिक पडते. पहिल्या टप्प्याचे गुण २०२२ पासून जाहीर होत नाहीत, केवळ उत्तीर्ण वा अनुत्तीर्ण. त्यामुळे साऱ्या गुणवत्तेचा भार दुसऱ्या टप्प्यावर आणि तेथील डॉक्टरांच्या शिफारसपत्रांवर पडला आहे. मग अर्ज, मुलाखती, आणि मार्च महिन्यात ‘मॅच’. त्यात उमेदवार रुग्णालयांचा आणि रुग्णालये उमेदवारांचा क्रम लावतात, आणि यंत्र जोड्या जुळवते. पत्रिका जुळवण्याचा प्रकार आपल्याला नवा नाही. फरक इतकाच की येथे जुळल्यावर नाही म्हणता येत नाही. अमेरिकेचे नागरिक नसलेल्या परदेशी पदवीधरांपैकी २०२४ मध्ये शंभरांत सुमारे अठ्ठावन्नच जुळले. उरलेल्यांना वर्षभर थांबणे आले, आणि पदवीला जितकी वर्षे लोटतात तितका अर्ज शिळा होतो.

जागा मिळाली तर बहुधा जे-१ या प्रकारच्या परवान्यावर जावे लागते. त्यासाठी आपल्या केंद्र सरकारच्या आरोग्यखात्याचे पत्र लागते, आणि शिक्षण संपल्यावर दोन वर्षे स्वदेशी राहण्याची अट असते. ही अट सोडवून घेण्याचा प्रचलित मार्ग म्हणजे डॉक्टरांचा तुटवडा असलेल्या भागात तीन वर्षे सेवा करणे. प्रत्येक संस्थानाला वर्षाकाठी अशा तीस जागा देता येतात. म्हणजे न्यूयॉर्कचे स्वप्न घेऊन गेलेली मुलगी मक्याच्या शेतांमध्ये वसलेल्या एखाद्या गावची एकुलती एक डॉक्टर होऊन बसते. आमच्या दृष्टीने यात वाईट काही नाही. वाईट इतकेच की, तेच काम कोकणातल्या किंवा मराठवाड्यातल्या प्राथमिक केंद्रावर करावयास सांगितले की घरातले सर्व जण नाक मुरडतात.

आता वर्षांचा हिशेब मांडू. काकांची वही येथे उपयोगी पडेल. मुलगी चोवीस वर्षांची धरली, तर इंग्रजी व सनदेच्या परीक्षांत एक ते दीड वर्ष, सेवेच्या नोकरीत दोन, पुढील प्रशिक्षणात सात-आठ. ब्रिटनमध्ये ती आपल्या शाखेची पूर्ण तज्ज्ञ होईपर्यंत पस्तिशीत येते, आणि हे सर्व पहिल्या प्रयत्नात जमले तर. अमेरिकेत परीक्षा व मॅच यांत दोन-तीन वर्षे, अंतर्गत रोगांच्या तीन, हृदयरोगासारख्या पोटशाखेच्या आणखी तीन, आणि अट सोडवण्याच्या तीन, बेरीज तीच. याच वर्षांत तिचे लग्न व्हावयाचे, मुले व्हावयाची. आणि याच वर्षांत तिची आजी ऐंशीची नव्वदीची व्हावयाची, वडील निवृत्त व्हावयाचे. रुपयांचा आकडा वहीत लिहिता येतो. हा दुसरा आकडा कोणी लिहीत नाही, म्हणून आम्ही तो येथे मांडला.

परत येणे हा विषय घरात आधी बोलून ठेवावा, असा आमचा आग्रह आहे. ‘शिकून ये, मग पाहू’ असे म्हणून मुलीला विमानात बसवतात. पण तो निर्णय ‘मग’ होत नसतो. सेवेची नोकरी, प्रशिक्षणाची जागा, कायम वास्तव्याचा परवाना, मुलांची शाळा, अशी एकेक पायरी चढताना तो न बोलता होऊन जातो, आणि कोणी तो केला असे कोणासच वाटत नाही. तेलुगू प्रांतातले डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव १९२२ च्या अखेरीस बोस्टनला उतरले. मद्रासच्या एल.एम.एस.वर तेथे डॉक्टरी करता येईना, तेव्हा पोटासाठी त्यांनी रुग्णालयात रात्रपाळीच्या हमालाचे काम केले, आणि दिवसा हार्वर्डमध्ये उष्ण कटिबंधातील रोगांचा अभ्यास. पुढे त्यांनी स्नायूंतील ऊर्जेच्या रसायनावर फिस्के यांच्यासह मूलभूत संशोधन केले. लेडर्ली कंपनीत संशोधनाचे प्रमुख असता फॉलिक अॅसिड, हत्तीरोगावरचे औषध व रक्ताच्या कर्करोगावरचे पहिले परिणामकारक औषध ही त्यांच्या देखरेखीखाली तयार झाली. १९४८ मध्ये त्रेपन्नाव्या वर्षी ते न्यूयॉर्कला वारले. मधल्या सव्वीस वर्षांत ते एकदाही मायदेशी आले नाहीत, आणि ज्या पत्नीला सोडून ते गेले, तिची व त्यांची पुन्हा भेट झाली नाही. त्या औषधांनी जगात किती माणसे वाचली याची गणना नाही. त्या घरात काय उरले याची मात्र कोणी चरित्रकारानेही फारशी चौकशी केलेली दिसत नाही.

ज्यांना खरोखर जाऊन परतच यावयाचे आहे, त्यांच्यासाठी ब्रिटनमध्ये एक सरळ मार्ग आहे, आणि आश्चर्य असे की आपल्याकडे त्याची चर्चा सर्वांत कमी. मेडिकल ट्रेनिंग इनिशिएटिव्ह या योजनेखाली परदेशी डॉक्टरला रॉयल कॉलेजांच्या पुरस्काराने तेथील रुग्णालयात जास्तीत जास्त दोन वर्षे पगारी प्रशिक्षण घेता येते, आणि त्यानंतर स्वदेशी परतणे योजनेतच अभिप्रेत असते. येथे पदव्युत्तर शिक्षण घेऊन चार वर्षे काम केलेल्याला ती अधिक सोयीची. डॉ. शिरोडकरांच्या काळातील प्रवासाच्या सर्वांत जवळ जाणारी हल्लीची सोय हीच. तेथेच पूर्ण प्रशिक्षण घेऊन परतणाऱ्यांसाठीही दार बंद नाही. ब्रिटन, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड या पाच देशांत ज्या पदव्युत्तर पात्रतेवर त्या शाखेचा व्यवसाय करता येतो, ती येथे मानण्याचे धोरण भारत सरकारने २००८ मध्ये स्वीकारले. अर्धवट सोडून आलेल्याला मात्र त्याचा लाभ नाही. आणि निघण्यापूर्वी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे त्या वेळचे नियम स्वतः वाचून घ्यावेत, कोणाच्या सांगण्यावर विसंबू नये.

तेव्हा काकांच्या प्रश्नाचे उत्तर असे: मिळकत विकू नये. जो खर्च आहे तो परीक्षांचा, प्रवासाचा आणि नोकरी लागेपर्यंतच्या काही महिन्यांच्या निर्वाहाचा. तो लाखांत आहे, आणि टप्प्याटप्प्याने करता येतो. ‘इतके लाख द्या, विलायतेत पदव्युत्तर जागा हमखास’ अशी जाहिरात करणारा दलाल दारी आला तर त्याला चहा द्यावा व निरोप द्यावा. पहिली परीक्षा येथेच राहून द्यावी. ती देत असता मुलीने एखाद्या रुग्णालयात नोकरी धरावी, म्हणजे हातची सवयही जात नाही आणि मध्ये वर्षे रिकामी गेली असा प्रश्न मुलाखतीत येत नाही. येथल्या प्रवेशपरीक्षेला एकदा तरी मनापासून बसावे. आणि दोन प्रयत्नांत काय झाले तर कोणता मार्ग धरावयाचा, हे तिने स्वतः ठरवून कागदावर लिहावे, वडिलांनी नव्हे.

विवाहासंबंधी आईंनी जे विचारले आहे त्यात आम्ही पडत नाही. एक व्यावहारिक गोष्ट तेवढी सांगतो, कारण तिच्यापायी पुष्कळ मुलींचे महिने वाया जातात. आपल्याकडे पदवीपत्रावर आडनाव आधी, मग स्वतःचे व वडिलांचे नाव. पारपत्रात वडिलांचे नाव कधी असते, कधी नसते. आणि लग्न झाले की मधले व शेवटचे नाव दोन्ही बदलतात. परदेशी कचेऱ्यांना ही तीन निरनिराळी माणसे वाटतात. म्हणून पदवी, नोंदणीचा दाखला, पारपत्र आणि परीक्षेचा अर्ज यांवर नाव अक्षरशः एकच असावे. आणि मध्येच लग्न ठरले, तर परीक्षांचे काम हातावेगळे होईपर्यंत मुलीने माहेरचेच नाव चालू ठेवावे. सासरच्या मंडळींना हे साखरपुड्याच्या आधीच सांगावे.